घर सोडून पुण्यात राहताय? स्कॉलरशिप, भत्ता आणि लोनच्या फॉर्मबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा परांड्याकडचा, पुण्यात सातवं वर्ष, त्यातली चार वर्षं सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटपुरतं भाडं देऊन. अभ्यासिकेतली पोरं दर ऑगस्टला तेच तेच प्रश्न घेऊन येतात आणि मी चहा पीत पीत तीच उत्तरं देतो, म्हणून एकदाचं लिहून टाकलं. लांब झालंय, आपापला प्रश्न शोधून वाचा.

मी घरच्यांसोबत राहत नाही, खर्च माझा मीच करतो. मग फॉर्ममध्ये माझंच उत्पन्न टाकू ना?

नाही. ऐंशी टक्के गोंधळ इथंच होतो.

फॉर्म दोन वेगळ्या गोष्टी विचारत असतो. तुम्ही राहता कुठं, हा एक प्रश्न. तुमचं कुटुंब कोणतं, हा दुसरा. पुण्यात खोली घेतली म्हणून कुटुंब बदलत नाही, सरकारच्या लेखी तुम्ही आईवडिलांच्याच घरातले. अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमावलीत तर स्पष्टच लिहिलंय की आई किंवा वडील यातलं एक जण जरी हयात असेल तरी उत्पन्न फक्त त्यांचंच धरायचं, घरात इतर कुणी कमावत असलं तरी ते धरायचं नाही. म्हणजे मोठा भाऊ हिंजवडीत लाखभर कमावत असेल आणि तोच तुमची मेस भरत असेल तरी त्याचा पगार या हिशोबात येत नाही. आणि तुम्ही रात्री डिलिव्हरी करून दहा हजार मिळवता म्हणून "माझं उत्पन्न एवढंच" असंही चालत नाही.

लग्न झालेल्या, नोकरी नसलेल्या मुलीला आईवडिलांऐवजी नवऱ्याचं उत्पन्न लागतं, हे बऱ्याच जणींना ऐन वेळी कळतं.

इंग्लंडमध्ये शिकायला गेलेल्या एका मित्राने सांगितलं की तिकडे वय २५ झालं, लग्न झालं किंवा आईवडिलांशी कायमचा संबंध तुटलाय हे दाखवता आलं तर विद्यार्थ्याला स्वतंत्र धरतात. आपल्याकडे असा खाना नाही, उगाच नेटवर शोधत बसू नका.

उत्पन्नाचा दाखला पुण्यातून निघतो का?

पुण्यात बसून अर्ज करता येतो, दाखला मात्र गावाकडचा. कुटुंब जिथं राहतं त्या तालुक्याचे तहसीलदार देतात. आपले सरकार पोर्टलवरून टाकला तरी तो तुमच्याच तहसीलला जातो, तलाठ्याचा अहवाल लागतो आणि तलाठी भाऊसाहेब काही पुण्यात यायचे नाहीत, म्हणून घरातलं कुणीतरी तिकडं एकदा तोंड दाखवून आलं की काम हलतं. शेती असेल तर सातबारा आणि आठ अ, नोकरी असेल तर पगाराचा कागद, शिवाय रेशन कार्ड.

पुण्याच्या हवेली तहसीलमधून दाखला काढून देतो म्हणणारे एजंट भेटतील. तुमचे आईवडील हवेलीत राहत नसतील तर त्या दाखल्यावर खोटी माहिती जाणार, आणि नंतर अडकणार तुम्ही, एजंट नाही.

दाखल्यावर मुदत लिहिलेली असते, साधारण ३१ मार्चपर्यंत. मागच्या वर्षीचा अपलोड केला तर फॉर्म परत येतो, बाकी सगळं बरोबर असलं तरी.

आणखी एक. जात, उत्पन्न, रहिवासी या दाखल्यांसाठी सरकारी ऑफिसात जे प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं त्याला मुद्रांक शुल्क माफ आहे. पाचशेचा स्टॅम्प आणा असं कुणी म्हटलं तर "कशासाठी?" एवढं नम्रपणे विचारा.

मर्यादा किती असते?

योजनेनुसार वेगळी. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला २,५०,००० रुपये. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेला, जिला सगळे ईबीसी म्हणतात, ८ लाख, आणि कुटुंबातल्या पहिल्या दोनच अपत्यांना. मुलींसाठी जुलै २०२४ मध्ये निर्णय झाला, ८ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून, व्यावसायिक कोर्सला प्रवेश असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. बारावीला बोर्डात वरच्या २० टक्क्यांत असाल तर केंद्राची सेंट्रल सेक्टर स्कॉलरशिप बघा, मर्यादा साडेचार लाख, पदवीला वर्षाला १२,००० मिळतात. ही नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर नाही.

आईवडील वेगळे झालेत. मी आईकडचा. वडिलांचा दाखला कुठून आणू?

घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूम असेल तर सोपं आहे. हुकुमाची प्रत, ताबा कुणाकडे त्याचा उल्लेख, आणि आईच्या नावाचा उत्पन्नाचा दाखला. हुकूम इंग्रजीत वीस पानांचा असतो, क्लार्क तो वाचणार नाही, ज्या पानावर ताबा लिहिलाय तिथं खूण करून द्या.

खरी अडचण कोर्टात न गेलेल्या घरांची. आणि तशीच घरं जास्त. आई दहा वर्षं माहेरी, कागदावर अजून नवरा-बायको. इथं आईचं वेगळं रेशन कार्ड सगळ्यात जास्त कामाला येतं, ते नसेल तर आधी त्याच्या मागे लागा. मग तलाठ्याकडून चौकशी, शेजारपाजारच्यांचे जबाब, आईचं प्रतिज्ञापत्र, असं करून आईच्या नावाचा दाखला मागता येतो. मिळेलच असं मी लिहून देत नाही, तहसीलदारांवर असतं. पण नुसतं तोंडी सांगून काही होत नाही हे नक्की.

वडील आहेत, परिस्थिती बरी आहे, पण माझं त्यांच्याशी बोलणं बंद आहे. ते एकही कागद देणार नाहीत.

हा प्रश्न लोक सगळ्यांसमोर विचारत नाहीत, चहा संपल्यावर मागे थांबून विचारतात. एका मुलीने विचारला होता, लग्नाला नाही म्हणाली म्हणून घरातून बाहेर, हातात दहावी-बारावीची मार्कशीट आणि एक सॅक. अकरावीपासूनचा दाखल्यांचा प्लॅस्टिकचा फोल्डर घरी कपाटात राहिलेला.

खोटी आशा लावत नाही. "घरच्यांनी टाकलंय" असा कुठलाच पर्याय फॉर्ममध्ये नाही. पण काही गोष्टी करता येतात.

वडिलांच्या कागदांसाठी अडून न राहता जे तुमच्या नावावर आहे ते आधी परत मिळवा. मार्कशीटची दुय्यम प्रत बोर्डाकडून मिळते, शाळा सोडल्याच्या दाखल्याची शाळेतून, जातीचा दाखला पूर्वी काढलेला असेल तर त्याच्या नंबरवरून माग काढता येतो.

दुसरं, उत्पन्न न विचारणारी मदत शोधा. गुणवत्तेवरची, कॉलेजची स्वतःची, ट्रस्टची. बऱ्याच कॉलेजांत विद्यार्थी कल्याणचा एखादा सर किंवा मॅडम असतात ज्यांच्या हातात फीचे हप्ते पाडून देण्याचा अधिकार असतो किंवा ज्यांचा प्राचार्यांपाशी शब्द चालतो. त्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

तिसरं, कायदा. १९५६ च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याच्या कलम २० प्रमाणे अविवाहित मुलीला, स्वतःचं भागत नसेल तर, सज्ञान झाल्यावरही आईवडिलांकडे निर्वाह मागता येतो. मुलग्याला हे अठरापर्यंतच. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथं बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. कोर्टात जायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, वडिलांवर केस टाकणं म्हणजे काय असतं ते मला सांगायची गरज नाही. पण नुसता सल्ला घ्यायला काही लागत नाही. त्या मुलीने केस केली नाही. सल्ला घेऊन आली, आणि मामाला मध्ये घालून तो फोल्डर तेवढा मागवला.

आईवडील दोघंही नाहीत, आजीने वाढवलं.

दोघांचे मृत्यूचे दाखले जपून ठेवा, चार-चार झेरॉक्स. दोघंही हयात नसतील तर जो पालक तुमच्या शिक्षणाचा खर्च करतो त्याचं उत्पन्न धरतात, म्हणजे आजीचा किंवा काकाचा दाखला. महाडीबीटीच्या प्रोफाइलमध्ये वडील हयात आहेत का, आई हयात आहे का असं वेगवेगळं विचारतात, तिथं घाईत "हो" दाबलेली पोरं मी पाहिलीत, मग सगळं उलटंपालटं.

अनाथ प्रमाणपत्र महिला व बालविकास विभागाकडून मिळतं. राज्यात शिक्षण आणि नोकरीत अनाथांना १ टक्का समांतर आरक्षण आहे, आणि नातेवाइकांकडे वाढलेल्यांनाही ते मिळू शकतं, फक्त संस्थेतल्यांनाच असं नाही. एआयसीटीई (तांत्रिक शिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्य कॉलेजात असाल तर स्वनाथ स्कॉलरशिप बघा, वर्षाला ५०,०००. धाकटं भावंड अठराच्या आतलं असेल तर बालसंगोपन योजनेचे महिन्याला २,२५० रुपये असतात, एकच पालक असला तरी अर्ज करता येतो. हे गावात कुणाला माहीतच नसतं.

कॉट बेसिसवर राहतो. हॉस्टेलर लिहू की डे स्कॉलर?

फरक पैशात पडतो म्हणून हा प्रश्न. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२१ च्या नव्या दरांनुसार पहिल्या गटाच्या, म्हणजे पदवी-पदव्युत्तर व्यावसायिक कोर्सला हॉस्टेलरला वर्षाला १३,५०० आणि डे स्कॉलरला ७,००० निर्वाह भत्ता आहे, जवळजवळ दुप्पट.

कॉलेजचं हॉस्टेल असेल तर वादच नाही. कॉलेजने हॉस्टेल दिलं नाही आणि तुम्ही बाहेर राहता, तर केंद्राच्या जुन्या नियमावलीत सोय होती की कॉलेजच्या प्रमुखांनी पाहणी करून त्या जागेला मान्यता द्यायची आणि तसं सर्टिफिकेट द्यायचं, त्यासाठी किमान ५ विद्यार्थी एकत्र राहत असले पाहिजेत. आमच्या खोलीत चार कॉट होत्या, पाचवा गादीवर. मालकीणबाईंच्या दृष्टीने चारच जण, भाडं मात्र पाच जणांचं. म्हणून स्वतःच्या मनाने "हॉस्टेलर" टिक करू नका, कॉलेज कुठलं सर्टिफिकेट द्यायला तयार आहे ते आधी विचारा आणि त्याप्रमाणे भरा. प्राचार्यांच्या लॉगिनला तो फॉर्म जाणार आहे, तिथं जुळलं नाही तर परत.

मामाकडे किंवा आत्याकडे राहत असाल तर डे स्कॉलरच.

राहण्या-जेवणाचे वेगळे पैसे मिळतात ते कुणाला?

आधी सरकारी वसतिगृहाला अर्ज करा, तिथं नंबर लागला तर प्रश्नच मिटला. नाही लागला त्यांच्यासाठी या योजना. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना, ओबीसी-भटक्या विमुक्तांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. पुण्यासारख्या मोठ्या शहरात वर्षाला ६०,००० पर्यंत, त्यात जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. स्वाधारला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना व्यावसायिक कोर्ससाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे.

सदाशिव पेठेत २०,००० मध्ये वर्षभर खोली मिळत नाही हे मला माहितीये, सरकारलाही माहीत असावं. पण मेसचा भार निम्म्याच्या वर हलका होतो. फक्त पैसे वेळेवर येतील या भरवशावर मेसवाल्या काकूंना शब्द देऊ नका.

या योजनांसाठी आधारवर पुण्याचा पत्ता करून घेऊ का?

अजिबात नको! स्वाधारमध्ये विद्यार्थी त्या शहराचा स्थानिक रहिवासी नसावा ही अट आहे. बँकेत खातं उघडताना किंवा सिमकार्ड घेताना कुणीतरी सांगतं पत्ता बदला म्हणून, पोरं बदलतात, आणि मग कागदावर पुणेकर होऊन बसतात. कायमचा पत्ता गावचा, सध्याचा पत्ता पुण्याचा, फॉर्ममध्ये दोन्ही खाने वेगळे असतात ते वेगळेच भरा.

उलटंही आहे. आईवडीलच कामासाठी पिंपरीत येऊन राहिलेत आणि तुम्ही डेक्कनला वेगळी रूम केलीय, तर गावचा पत्ता दाखवून भत्ता घेणं हे खोटं आहे, चौकशी झाली तर वसुली लागते.

मालक भाड्याची पावतीच देत नाही.

पुण्यातला राष्ट्रीय प्रश्न. आमच्या मालकीणबाई म्हणायच्या, "अरे पावती कसली मागतोस, मी काय पळून जाणारे का?" आणि वर हातात चकली ठेवायच्या. माणूस काय बोलणार.

कायदा असा की १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी असावा लागतो आणि नोंदवावा लागतो, नोंदवायची जबाबदारी मालकाची. पण कलम ५५ तोंडावर फेकलंत तर दुसऱ्या दिवशी कॉट रिकामी करायला लागेल. करार आता घरी बसून ऑनलाइन नोंदवता येतो, सगळ्या रूममेटनी मिळून खर्च उचलतो म्हटलं की बरेच मालक तयार होतात. निदान यूपीआयने भाडं द्या आणि नोंदीत महिना लिहा. रोख दिलंत तर तुमच्याकडे काहीच उरत नाही.

मंजूर झालंय पण पैसे आलेच नाहीत.

माझंच सांगतो. दुसऱ्या वर्षी स्टेटस दाखवत होतं की रक्कम जमा, आणि माझ्या पुण्याच्या खात्यात शून्य. दीड महिना मी कॉलेजच्या खिडकीवर, मग बँकेत, परत खिडकीवर. खिडकीवरचे काका मान वर न करता म्हणायचे "वरून झालंय." शेवटी कळलं की डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे, पैसे तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधार शेवटचं ज्या बँकेला जोडलंय तिथं जातात. माझं जोडलेलं होतं गावच्या खात्याला, सातवीत शाळेने उघडून दिलेलं, पासबुक आईच्या ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली. खातं व्यवहार नसल्याने बंद पडलेलं. एका दिवसासाठी गावी गेलो, केवायसी केली, पैसे काढले, येताना एसटीत पाकीट दहा वेळा चाचपलं.

आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते, दिसतं. फॉर्म भरायच्या आधी बघा, नंतर नाही.

एज्युकेशन लोनला आईवडिलांची सही लागतेच का?

जवळजवळ लागतेच. बँकांच्या मॉडेल स्कीममध्ये सहकर्जदार म्हणून आई, वडील किंवा पालक लागतात, लग्न झालेलं असेल तर जोडीदार किंवा सासू-सासरे चालतात. आईवडील नसतील तर पालक म्हणून काका-मामा उभे राहू शकतात, पण बँक त्यांचं उत्पन्न आणि सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) बघणार. ४ लाखांपर्यंत स्वतःचे पैसे घालावे लागत नाहीत, साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी मंजूर झाली, ती निवडक नामांकित संस्थांपुरती, त्यात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत. साडेचार लाखांच्या आतल्यांना व्यावसायिक-तांत्रिक कोर्ससाठी शिकत असतानाचं व्याज माफ करणारी योजना वेगळी आहे.

घराबाहेर राहणाऱ्यांनी एक मुद्दा बँकेत आवर्जून काढा. लोनमध्ये फक्त फी नाही, बाहेर राहण्या-जेवणाचा वाजवी खर्चही धरता येतो. मॅनेजर स्वतःहून सांगत नाहीत. मेसचं आणि रूमचं वर्षाचं गणित एका कागदावर लिहून न्या.

हे सगळं होईपर्यंत खायचं काय?

विद्यापीठाची कमवा आणि शिका योजना बऱ्याच कॉलेजांत चालते, लायब्ररी, ऑफिस, बाग असली कामं, तासावर पैसे. फार नाहीत, पण मेसचं अर्धं निघतं. विद्यार्थी सहाय्यक समितीची वसतिगृहं आहेत, १९५५ पासून ग्रामीण भागातल्या पोरांसाठी चालवतात, तिथं मुलाखत होते आणि राहायचं तर श्रमदान वगैरे शिस्त आहे, सगळ्यांना झेपत नाही, ज्यांना झेपते ते नंतर आयुष्यभर त्याच्या गोष्टी सांगतात. ॲडमिशनच्या आधीच चौकशी करा, सप्टेंबरात जागा उरत नाही.

दुसऱ्या वर्षी परत सगळं?

हो, नूतनीकरण करावं लागतं. उत्पन्नाचा दाखला नवा, आणि निकाल आला की लगेच भरायचं. शिवाय भाडेकरार ११ महिन्यांचा असतो, जूनमध्ये केलेला मेमध्ये संपतो, तेव्हा तुम्ही परीक्षा देऊन गावी आंबे खात असता आणि मालक परस्पर कॉट दुसऱ्याला देतो. मे संपायच्या आत मालकांना एक फोन करा.